तांबड्या गाडीची मागची सीट

जवाहरनगर, कोल्हापूर
३० जुलै २०२५

प्रिय जयपाल,

जयजिनेंद्र. इकडं आम्ही सगळे बरे आहोत. तूही बरा असशील असं धरून चालतो, कारण विचारायची सोय तू ठेवलेली नाहीस. रविवारपासून अकरा वेळा फोन केला. शेवटी प्रभावती वहिनींनी उचलला आणि "ते रानात गेल्यात" म्हणाल्या. बाहेर धो धो पाऊस, आणि तू रानात. म्हणून हे पत्र लिहायला बसलो. पत्र मधेच कट करता येत नाही.

पहिल्यांदा कबूल करून टाकतो. रविवारी तुला पेट्रोल पंपावर सोडून मी निघून गेलो, ही चूक शंभर टक्के माझी. पण ती कशी झाली ते ऐकून घे आणि मग पाहिजे तेवढ्या शिव्या दे.

ही गाडी घेतल्यापासून घरात मी चेष्टेचा विषय झालोय. आरिफ म्हणत होता, "अब्बा, ह्या वयात स्कूटर घ्या, पाय तरी नीट टेकतील." त्याच्या समाधानासाठी शोरूममध्ये स्कूटरवर बसूनही बघितलं. पण कोपऱ्यात ही तांबडी उभी होती. गोल दिवा, फुगीर टाकी, टाकीला गुडघे टेकायला रबराचे तुकडे, लांब सपाट सीट आणि तोंड दिसेल असं चकचकीत मडगार्ड. तुझ्या जुन्या गाडीचं रूप जसंच्या तसं. आत मात्र सगळं आजचं. किक नाहीच, बटण दाबलं की सुरू. पहिले आठ दिवस माझा उजवा पाय आपला हवेत किक शोधायचा आणि सुहाना, म्हणजे माझी नात, मागं बसून खिदळायची.

रोजच्या कामाला गाडी एकदम चोख. सकाळी दूध, मग सुहानाचा क्लास, दुपारी बाजार, शुक्रवारी मशीद. सिग्नलला हमखास कुणीतरी काच खाली करून विचारतो, "पावणं, किती सालचं मॉडेल?" ह्याच सालचं म्हटलं की बिचाऱ्याचं तोंड उतरतं. परवा उद्यमनगरात एक लेथवाला हात पुसत बाहेर आला, गाडीला फेरी मारली आणि म्हणाला, "लई जपलीसा की." आता मी कुणाला खरं सांगत बसत नाही. व्हय, जपलीय, म्हणतो आणि पुढं जातो.

त्याच गल्लीत मी जरा वेळ थांबलो होतो. तुझ्या फौंड्रीच्या जागी आता गोडाऊन आहे. माझं लेथ शॉप आहे, पण मशीनवर ओळखीचं कुणी नाही. बारा वर्षं आपण कागलहून तिथं गेलो आणि आलो. गाडी तुझी, पण पाळी आठवड्याची: एक आठवडा तू पुढं, एक आठवडा मी. मागच्यानं दोघांचे डबे मांडीवर धरायचे आणि पुढच्याशी बोलत राहायचं, हा नियम तूच केलेला आणि तूच मोडायचास. संध्याकाळी परत येताना गोकुळ शिरगाव मागं पडलं की तुझं बोलणं तुटायचं आणि डोकं माझ्या पाठीवर यायचं. कपड्यांना भट्टीच्या वाळूचा वास. कागलची वेस आली की आपला आपण जागा व्हायचास आणि म्हणायचास, "मी काय झोपलो न्हवतो." त्या बारा वर्षांइतकं सुख मला नंतर कशात मिळालं नाही, हे ह्या वयात सांगायला लाजत नाही.

म्हणून तर रविवारी गाडी घेऊन कागलला तुझ्या दारात आलो. तू गाडीभोवती दोन चकरा मारल्यास, टाकीवरून हात फिरवलास आणि म्हणालास, "बघितली. झालं की. बसत न्हाई मी." अर्धा तास गेला. शेवटी वहिनीच वैतागल्या, "एकोणतीस वर्सं झाली, आता तरी बसा की." तेव्हा तू बसलास. ताठ, दोन्ही हातांनी मागची दांडी धरून. मी आरशात बघत होतो. तुझे डोळे टक्क उघडे होते.

गोकुळ शिरगावच्या पंपावर तुला उतरवलं, पेट्रोल भरलं. मग माझ्या खांद्यावर तुझा हात पडला. त्या हाताची मला इतकी ओळख की मागं वळून बघितलंच नाही. हात पडला म्हणजे जयपाल बसला. तुझा गुडघा वर येत नव्हता आणि तू एका पायावर उभा होतास, हे मला नंतर पंपावरच्या बाईंनी सांगितलं.

मी आपला बोलत निघालो. हेल्मेटमुळं तुझं ऐकू येत नसेल असं वाटलं. उचगाव आलं तरी तुझा हूं नाही की चूं नाही. गाडी हळू करून म्हणालो, "बोल की जयपाल, काहीतरी बोल." शेजारून रिक्षावाला म्हणाला, "काका, कुणासंगं बोलाय लागलाय?" वळून बघतो तर सीट मोकळी. तू पडलास, दुसरं काही डोक्यात येईना. तसाच मागं फिरलो, रस्त्याच्या कडेचा प्रत्येक चर बघत बघत पंपावर आलो. बाई म्हणाल्या, "ते आज्जा व्हय? वडापच्या जीपनं गेलं की. लई तापल्यालं." घरी तुझ्या भाभीला, मेहरुनला, हे सांगितलं तर ती हसून हसून रडली. मी काही हसलो नाही.

गाडीवर मी काय बोलत होतो, ते भेटल्यावर सांगेन. तसं काही विशेष नाही.

राग सोड आणि एकदा फोन उचल. वहिनींना नमस्कार, अनेकांतला आणि आदितीला आशीर्वाद.

तुझाच,
कुतुबुद्दीन


जवाहरनगर, कोल्हापूर
१४ ऑगस्ट २०२५

जयपाल,

तुझं कार्ड पोचलं. तू लिहिलंस:

"कुतुब, राग न्हाई. सोडून गेलास ते बरंच केलंस. पेंगणारा माणूस मागं घेऊन कशाला फिरतोस? एकदा पाय मोडलाय तुझा माझ्यापायी, तेवढा पुरे झाला."

हे कार्ड आठ दिवस माझ्या खिशात आहे. मेहरुननं वाचलं आणि म्हणाली, "जयपालभाई अजून तेच धरून बसल्यात व्हय?" मी व्हय म्हणालो आणि जेवायला बसलो. ती जे म्हणाली ते तुलाच नाही, मलाही लागू आहे, हे तिला तेव्हा माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. मागच्या पत्रात मी लिहिलं की विशेष काही बोलत नव्हतो. तेही खोटं. पंपापासून उचगावपर्यंत मी जे बोललो ते आज लिहितो. तोंडावर बोलायची छाती नव्हती म्हणून गाडीवर बोलायचं ठरवलं होतं. गाडीवर मागच्याचं तोंड बघावं लागत नाही. सहा महिने वाक्यं जुळवत होतो, आणि बोललो ते मोकळ्या सीटला.

सप्टेंबर १९९६. तुमचं पर्युषण चालू होतं आणि तुझा उपवास होता. भट्टीसमोर दिवसभर पाण्यावर उभा होतास. निघायला उशीर झाला, अंधार पडला. आठवडा माझा होता. गोकुळ शिरगाव मागं पडलं आणि तुझं डोकं माझ्या पाठीवर आलं.

कणेरीवाडीच्या पुढं उतार लागतो. उतारावर इंजिन बंद करायचं नाही, ही तुझी सक्त ताकीद होती. तू पुढं असताना कधी केलं नाहीस. मी करायचो. तू पेंगलास की हळूच चावी बंद करायची आणि गाडी तशीच सोडून द्यायची. पेट्रोल वाचवायला नव्हे. मला ती शांतता आवडायची. दिवसभर लेथची घरघर, मग इंजिनाची फटफट, आणि मग एकदम काही नाही. नुसता वारा, चाकांचा आवाज आणि पाठीवर तुझा श्वास. खाली आलो की गिअर टाकून पुन्हा सुरू करायचो. तुला कधी कळलं नाही.

आपल्या गाडीचा दिवा इंजिनावर चालायचा, हे तुला सांगायला नको. इंजिन बंद की दिवा बंद. उजेड असताना काही फरक पडत नसे. त्या दिवशी अंधार होता. मला माहीत होतं. तरी केलं, कारण आधी शंभर वेळा काही झालं नव्हतं. कडेला खडीचा ढीग टाकला होता, तो चाकाखाली आल्यावरच मला कळला.

तू उठून माझ्याकडं धावत आलास. कोपरातून रक्त येत होतं तुझ्या. "काय झालं रं कुतुब?" म्हणालास. तू माझ्यापर्यंत यायच्या आधी मी काय केलं ते ऐक. गाडी माझ्या पायावर होती, नडगी मोडली होती, आणि मी हात लांब करून पहिल्यांदा चावी चालू करून ठेवली. मग तुला म्हणालो, "तू पेंगलास. एका अंगाला कललास."

तुझ्याकडं ते खोडून काढायला काहीच नव्हतं. झोपला तर होतासच.

माझ्या मनात होतं की चार दिवसांनी सांगू, पाय बरा झाला की सांगू. आणि तू सांगायला जागाच ठेवली नाहीस. अडीच महिने रोज भट्टीवरून थेट दवाखान्यात, मग माझ्या घरी. आरिफला शाळेत सोडायचास. वहिनी डबा करून द्यायच्या. तू माझ्यासमोर बसून दर वेळी एकच म्हणायचास, "माझ्यामुळं झालं." मी "जाऊ दे की" म्हणायचो. मोठ्या मनानं माफ केल्यासारखं म्हणायचो, जयपाल. त्या तीन शब्दांची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. पडलो त्याची नाही.

दिवाळीत तू गाडी विकलीस. मी शब्दानंही विरोध केला नाही. पुढं एसटीनं जायला लागलास, आणि जागा मिळाली तरी उभा राहून जायचास, डोळा लागेल म्हणून. पोटच्या अनेकांतला तू कधी सायकलच्या दांडीवरसुद्धा बसवलं नाहीस. आणि पुढच्या वर्षी पर्युषण आलं तेव्हा वहिनी म्हणाल्या, "ह्यांनी उपास सोडला. पोटात नसलं की पेंग येते म्हणत्यात." लहानपणापासून तू तो धरत होतास. तो कधी मोडणार नाही असं तुझ्या आईनं तुझ्याकडून वदवून घेतलं होतं, ते मला माहीत होतं. मी ऐकलं, चहा प्यालो आणि घरी आलो. नंतर कागल सोडून कोल्हापूरला राहायला आलो. आरिफच्या शाळेसाठी, असं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे वेशीत तुला एसटीची वाट बघताना रोज बघवत नव्हतं.

ही गाडी मी हौस म्हणून घेतली असं सगळे समजतात. हौस आहेच. पण शोरूममध्ये ती लांब सीट बघितली तेव्हा मनात पहिलं हेच आलं, की हिच्यावर तुला एकदा बसवायचं आणि सांगून टाकायचं. आणि ज्याला सांगायचं त्यालाच खाली ठेवून गेलो. तुला वाटलं, मी घाबरून सोडून गेलो. हे वाचून मला रात्रभर बसवत नव्हतं आणि निजवतही नव्हतं.

माफ कर असं लिहीत नाही. तुला माफ केल्याचा आव आणून तो शब्द मी आधीच खराब केलाय. तू कार्ड पाठव, नको पाठवू, गावात सगळ्यांना सांग, वहिनींना हे पत्र वाचून दाखव. तुझा हक्क आहे. मेहरुनला मी आज सकाळी सांगितलं. ती अजून माझ्याशी बोललेली नाही.

पण एवढं मात्र माझ्यासाठी नव्हे, तुझ्यासाठी वाच. दोन आठवड्यांनी, अठ्ठावीस तारखेला, तुमचं पर्युषण बसतंय. उपवास धरायचा की नाही ते तुझं तू बघ, आता वयही झालंय. पण पेंग येईल ह्या भीतीनं सोडू नकोस. एसटीत जागा मिळाली तर बसून जा. डोळा लागला तर लागू दे. बारा वर्षं तू माझ्या पाठीवर झोपलास आणि तुझ्यामुळं गाडीचा तोल एकदाही गेला नाही.

त्या संध्याकाळी जागा असलेला,
कुतुबुद्दीन