हिरव्या डब्यावर न छापलेलं

शुक्रवार पेठ, कोल्हापूर
श्रावणातला सोमवार, २००४

चि. पवित्रास अक्काचा आशीर्वाद.

…अंगण झाडून झालं होतं, पूजा आटपली होती, गवारी निवडून ठेवली होती आणि मी पितळी तांब्या घेऊन गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर उभी होते. (खुशाली विचारायची राहिलीच. तुझ्या सासऱ्यांचा, बसाप्पांचा खोकला कसा आहे? आणि तुझी प्रकृती? हे रीतीपुरतं विचारत नाही, पुढे कळेल.) तू निपाणीहून पाठवलेल्या हिरव्या डब्यावर लिहिलं होतं की पावडर ग्लासभर दुधातून, जेवणाऐवजी घ्यावी. आता दूध म्हणजे आपल्याकडे समोर धार काढलेलं, फेसाळ, म्हशीचं. आणि दुधाला जेवण म्हणायची आपल्या घरात पद्धत नाही, म्हणून ती छपाईची चूक समजून मी आधी दूध घ्यायचे आणि मग जेवायचे. केरबा गवळ्यानं कारण विचारलं, मी सांगितलं. तो धार काढता काढता थांबला. "वैनी, वजन उतराय म्हशीपाशी आलायसा व्हय? मग चढवाय कुठं जातायसा?" म्हैससुद्धा वळून बघत होती.

महिनाअखेरीस स्टेशनवरच्या वजनाच्या यंत्रावर उभी राहिले. वजन वाढलं होतं, आणि तिकिटाच्या मागे छापलं होतं, 'आपल्या कष्टाला फळ येत आहे.'

म्हणून पावडर सोडून तिच्यासोबत डब्यात आलेल्या कॅप्सूल सुरू केल्या. त्यांना दूध लागत नाही. त्यांनी मात्र काम केलं, फक्त कोणतं ते कळेना. भूक गेली, झोप गेली, तोंड कोरडं पडलं. एका दुपारी मी अख्खा माळा आवरला, पितळेची सगळी भांडी घासली आणि शेजारच्या शालूबाईंकडे जाऊन त्यांचा माळा मागितला. त्या म्हणाल्या, "बाई, तुमास्नी काय झालंय? बसा की जरा." बसले, तर छातीत गिरणीचा पट्टा फिरावा तसं धडधडत होतं.

तुला ठाऊक आहे, औषधाच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद मी वाचते. यांच्या आजारपणात लागलेली सवय. गुडघे दुखतात म्हणून हे दुकानातून आपल्या मनानं गोळ्या आणून वर्षानुवर्षं खात राहिले. गुडघे थांबले, मूत्रपिंडं गेली. नंतर मी त्यांच्या एकेका औषधाचा कागद भिंग लावून वाचायचे आणि हे उशीवरून म्हणायचे, "डॉक्टरीणबाई, आज काय निघालं?" आता विचारणारं कोणी नाही, पण वाचायचं थांबलेलं नाही. त्यांची गोळ्यांची डबी अजून फळीवर आहे. धूळ पुसते आणि परत ठेवते.

तर माझ्या रक्तदाबाच्या गोळीचा कागद काढला. केवढीशी गोळी, पण सगळं सांगून मोकळी. आत काय आहे, कशासाठी, कोणी घेऊ नये, पाय सुजतील, चक्कर येईल. मग तुझा डबा फिरवून फिरवून पाहिला. एक बारीक बाई हसते आहे, 'शंभर टक्के नैसर्गिक' आणि 'कोणताही अपाय नाही'. आत काय, ते नाही. मला नवल वाटलं. पवित्रा, तुझ्यासाठी असं स्थळ आलं असतं, गाव सांगत नाही, कुळ सांगत नाही, नुसतं मुलात काही खोट नाही म्हणतात, तर आपल्या आप्पांनी चहा तरी दिला असता का?

डबा घेऊन डॉक्टर मृत्युंजयांकडे गेले. (एवढं नाव असून काही उपयोग होत नाही, असं तेच म्हणतात.) त्यांनी रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला आणि कॅप्सूल बंद करायला सांगितल्या. म्हणाले, अशा काही डब्यांत धडधड वाढवणारी औषधं न सांगता मिसळलेली सापडली आहेत. ह्यात काय आहे ते तपासल्याशिवाय त्यांनाही सांगता येणार नाही. मी म्हटलं, पण नैसर्गिक आहे. ते म्हणाले, "काकू, तुमच्या परसातली कण्हेर पण नैसर्गिकच हाय की." वजन उतरवायची खरी औषधंही असतात म्हणे, पण ती माणूस तपासून देतात, आणि त्यांच्यातही काही खोट असतेच. मला त्यांनी संध्याकाळी चालायला सांगितलं. आणि म्हैस बंद.

आता तुझ्या गेल्या पत्राकडे येते. हात कापतो म्हणून अक्षर वाकडं आलंय, छाती धडधडते, पण डबे विकणाऱ्यांच्या मीटिंगमध्ये सांगितलंय की ती चरबी वितळतेय, म्हणून आता दुप्पट घेतेस. बाई, चरबी वितळताना आवाज होत नाही. आणि तू थायरॉइडची गोळीही घेतेस. हे सगळं डॉक्टरांना सांगितलं, तेव्हा ते हसले नाहीत.

सर्वांना यथायोग्य.
तुझी अक्का,
शिवलीला

ता.क. डबा मी टाकलेला नाही. तू पुढच्या मीटिंगला नेशील म्हणून परतही देणार नाही.

ता.क. वरचं सगळं करमणुकीसाठी लिहिलं. मागणं एवढंच, की हिरव्या कॅप्सूल आजच बंद कर, थायरॉइडची गोळी मात्र आपल्या मनानं सोडू नकोस, आणि डॉक्टरांकडे चल. यांच्या वेळी कागद वाचेपर्यंत फार उशीर झाला होता. फळीवर दुसरी डबी ठेवायला माझ्याकडे जागा नाही.

ता.क. ही ओळ तुझ्याच घरी, पुढच्या सोप्यात बसून लिहिते आहे. तू चहा ठेवायला आत गेली आहेस आणि कपबशी वाजते आहे ती इथपर्यंत ऐकू येते. पत्र लिहून झालं, पण मी ते पेटीत टाकलं नाही. दुसऱ्या दिवशी निपाणीच्या एस.टी.त बसले आणि स्वतः घेऊन आले; तू बाहेर आलीस की तुझ्या हातात देते.