निखत मॅडमचा रिकामा तास

अमरावती, ८ ऑगस्ट २००५

चि. दानिश यास आपाच्या पोटभर दुआ.

महिनाभर तुझं पत्र नाही. अकोल्यातलं पोस्ट बंद पडलं की तुझी लेखणी, ते कळव. मला कॉलेजात स्वतःची खोली मिळाली. दारावर मी पाटी लावली: 'रसायनशास्त्र. शंकासमाधान, रोज चार ते पाच.' आजवर दोघे आले. शिपाई केशवराव पाणी घेऊन, आणि एक मुलगा, तो खोली चुकला होता. चाचणीत निम्मा वर्ग नापास, पण शंका कुणालाच नाही! मी एवढी भयंकर दिसते का रे? तू विद्यार्थी आहेस, तूच सांग.

बाळापूरला सगळे ठीक. दुबार पेरणीमुळे अब्बांच्या कापड दुकानात गिऱ्हाईक फिरकत नाही. अम्मी म्हणते, तू फोनवर 'मजेत' एवढंच बोलतोस.

आठवण ठेव, आणि ती कागदावर उतरव.
तुझी आपा, निखत

अकोला, १३ ऑगस्ट

ती. निखत मॅडमले धाकट्याचा सलाम वि. वि.

तुझं पत्र वाचून मी अन् माझा खोलीतला दोस्त बंडू लोटपोट झालो. आपा, शंका यायले आधी काहीतरी समजा लागते. ज्याले पहिल्या पानापासूनच अंधार, तो विचारीन काय? पोरगं दारापर्यंत येते. पडद्याखालून सरांचे बूट दिसतात. आत दुसरे सर चहा पिऊन राहिले, हसून राहिले. त्याईच्यासमोर तोंड कसं उघडाव? 'वर्गात काय करत होता?' असं विचारलं तं? मंग ते तीनदा प्रश्न घोकते अन् तसंच माघारी जाते.

अन् चार वाजता तुझी अर्धी पोरं बस पकडतात. वलगावची बस किती वाजता सुटते, मॅडमले माहीत आहे काय?

लोभ असू दे, छडी नको.
दानिश

अमरावती, १९ ऑगस्ट

चि. दानिश, दुआ.

वलगावची बस सव्वाचारला सुटते. विचारून आले आणि लाज वाटली. आता मी रोज फाटकासमोरच्या थांब्यावर जाऊन बसते. पहिल्या दिवशी पोरींनी विचारलं, 'मॅडम, तुमची गाडी बिघडली काय?' दुसऱ्या दिवशी थांबाच रिकामा. सगळ्या पुढच्या थांब्यापर्यंत चालत गेल्या म्हणे! हस खुशाल.

पण एक सांग. माझ्या खोलीला पडदा नाही. मग ते बूट, तो चहा, तीनदा घोकलेला प्रश्न हे आलं कुठून? दानिश, ते पोरगं कोण? विषय कोणता?

उत्तर लगेच धाड, तोवर जीव थाऱ्यावर नाही.
आपा

अकोला, २४ ऑगस्ट

ती. आपास सलाम.

गणित. दोनदा राहिलं. ऑक्टोबरात निघालं नाही तं वर्ष जाते. गुल्हाने सरांच्या दारावरून चारदा माघारी आलो. अब्बाले सांगू नको. दुकान असं बसलं, त्यात मी काय सांगू?

रागावली तरी पत्र लिही.
दानिश

अमरावती, २८ ऑगस्ट

माझ्या वेड्या भावास दुआ.

मी अब्बांना सांगणार नाही, तूच सांगशील. रागावले होते, पण तुझं पत्र उशीखाली ठेवून झोपले.

आतल्या बाजूचं सांगते, ऐक. बस गेली की मी खोलीत परतते. बाहेर चपला वाजल्या की पुस्तक मिटून ताठ बसते. चपला दाराशी थांबतात. मग निघून जातात. तेव्हा फार वाईट वाटतं रे. उठून दार उघडायला मलाही धीर होत नाही, म्हटलं उगाच पोरं घाबरतील.

काल थांब्यावर अनुपमा नावाची मुलगी शेजारी येऊन बसली. मी म्हटलं, शंका नको, जिथून समजेनासं झालं ते पान दाखव. तिनं पान तीन दाखवलं. आणि आम्ही शिक्षक सप्टेंबरपर्यंत अर्धं पुस्तक संपवायच्या गोष्टी करत होतो! बस येईपर्यंत दीड पान झालं.

तू प्रश्न नेऊ नकोस. येत नाही, एवढंच म्हण.

तुझ्या पाठीशी उभी,
आपा

अकोला, ९ सप्टेंबर

ती. आपास सलाम वि. वि.

मागच्या गुरुवारी सरांकडे गेलो. खरं म्हणजे बंडूनं ढकललं म्हणून पडद्यासकट आत गेलो. दोन्ही सर चहा घेत होते. मी म्हटलं, 'सर, मले काहीच समजत नाही.' दुसरे सर हसले. गुल्हाने सरांनी कप खाली ठेवला, त्याईले खुर्ची सोडायले सांगितलं अन् मले बसवलं. म्हणे, 'कुठपासून?' मी म्हटलं, 'अकरावीपासून.' सर म्हणाले, 'बरं झालं लवकर आला. मले वाटलं, आठवी म्हणते का काय.' सहा वाजेपर्यंत शिकवलं. तवापासून पाचदा गेलो. काही गणितं सुटतात, काही अजून अडतात.

काल एसटीडी बूथवरून अब्बाले सगळं सांगितलं.   ते म्हणाले, 'रविवारी घरी ये. फोनवर मले नीट रागावता येत नाही.'

तं रविवारी बाळापूरले चाललो. तू पण ये आपा. एवढी बोलणी माझ्याच्यानं एकट्यानं खाल्ल्या जाणार नाहीत.

तुझा,
दानिश