पाणमांजराचा खोकला

२ नोव्हेंबर

घोळ झाला! माझ्या गोष्टीच्या कालच्या भागात गेनबेई खोकला — आणि साइटवर वाचकांनी रडारड मांडलीय.

लिहिलं होतं एवढंच: म्हातारं पाणमांजर खिंडीतल्या आपल्या दुकानात खिडकीपाशी बसून एका धुराड्याची फाटलेली सावली रफू करतंय. दोऱ्याचं टोक दातात धरतं आणि खोकतं. दोनदा. दोन वाक्यांमध्ये जरा थांबायला जागा हवी होती, म्हणून टाकलं. खाली लगेच — "बाई, गेनबेईला मारू नका!" "पहिल्याच भागात शब्द दिला होतात, ह्या खिंडीत कोणी मरत नाही म्हणून." "गोष्टीत उगाच कोणी खोकत नाही, एवढं आम्हालाही कळतं."

बरोबरच आहे त्यांचं. गोष्टीतल्या माणसाला साधी सर्दी कधी होतच नाही. खोकला आला की पुढे रुमालावर रक्त, मग थडगं. मी स्वतः हेच वाचत मोठी झाले. तरी हात कसा गेला?

५ नोव्हेंबर

निशिओकाबाईंचा टोकियोहून फोन. पुस्तकाच्या संपादक. वयाने माझ्या निम्म्या, मला आदराने सेन्सेई, गुरू, म्हणतात आणि सेन्सेई म्हणतच झापतात. "सेन्सेई, पुस्तकाला गुंडाळायच्या पट्टीवर काय छापलंय, लक्षात आहे ना? 'इथे कोणी मरत नाही.' पट्ट्या छापून आल्यासुद्धा! तो खोकला एक तर काढा, नाहीतर त्याला काहीतरी गोड कारण द्या."

गोड कारण! देते म्हटलं.

लोकांना वाटतं, असल्या गोष्टी बसल्या बसल्या होतात. राक्षस नाही, लढाई नाही, कुणाचं राज्य बुडत नाही. चमचा हरवतो आणि सापडतो. पण राक्षस असला की वाचक आपसूक पान उलटतो. चमच्यासाठी पान उलटायला लावायचं, तर तो चमचा त्याला आपल्या घरातला वाटायला हवा. आणि आपल्या घरातलं काही हरवलं की जीव धसकतोच. ती भीती चिमूटभरच पडायला हवी. मूठभर पडली की गोष्ट नासली.

माझी मूठ हल्ली सैल झालीय.

६ नोव्हेंबर

खोकला पुसायला बसले. बोट बटणावर ठेवलं — आणि पलीकडच्या खोलीत हे खोकले. एकदा, कोरडं. मग जरा थांबून, परवानगी मागितल्यासारखं, दुसऱ्यांदा.

हुबेहूब तोच!

म्हणजे मी रचला नव्हता. ऐकून उतरवला होता. कधीपासून ऐकतेय मी हा? उन्हाळ्यात होता का? आठवत नाही.

७ नोव्हेंबर

काही लिहिलं नाही. मुळे धुतले.

९ नोव्हेंबर

शेवटी विचारलं. हे वळचणीला मुळे टांगत होते, लोणच्यासाठी.

"अहो, खोकला कधीपासून आहे?"

"कुणाचा? पाणमांजराचा?"

"तुमचा!"

"जन्मभर लोकांचे केस कापले, फुमिए. एखादी टोपी विणून होईल एवढे तरी नाकातोंडात गेले असतील. खोकला नाही येणार तर काय गाणं येणार?"

हसले. मीही हसले. मग पुढची माळ उचलायच्या ऐवजी भिंतीला टेकून उभे राहिले. "काय झालं?" "काही नाही. सरळ टांगलेत का, बघतोय." बराच वेळ बघत होते.

१० नोव्हेंबर

गोड कारण सापडलं. ढगांचा कापूस पिंजताना एक तंतू गेनबेईच्या घशात गेला. शेजारच्या घुबडआजीने आलं-मध चाटवलं. झाला बरा.

संध्याकाळी ह्यांना वाचून दाखवलं. आमची जुनी रीत आहे — ऐकता ऐकता हे पेंगले की भाग साधला. जागे राहिले तर कुठेतरी काटा राहिलाय, काढायचा. सलूनमध्ये शेवटचं गिऱ्हाईक गेलं की त्याच खुर्चीत बसून ऐकायचे, आणि मान कलली की मी खूश!

आज डोळे टक्क उघडे. शेवटच्या ओळीपर्यंत. "छान आहे," म्हणाले. "मधाने बरा झाला. छान."

काटा कुठे राहिला? पुन्हा पुन्हा वाचला. सापडत नाही.

११ नोव्हेंबर

वेडेपणा केला. ह्यांनाही आलं-मध दिलं. दिवसभर खोकले नाहीत!

मनात आलं, मी तिकडे बरं केलं म्हणून इकडे बरं झालं. आणि लगेच त्याची दुसरी बाजू — तिकडे काही वाईट घडलं तर? मग हातच चालेना. किटली लिहिली तर कुणी भाजेल. पायरी लिहिली तर कुणी पडेल. गेनबेईला दुकानाबाहेर काढायची छाती होत नाही. दिवसभरात चार ओळी झाल्या, आणि त्या चारही ओळींत पाणमांजर उशीवर बसून आहे.

१२ नोव्हेंबर

सकाळी पुन्हा खोकला. लांबलेला.

१३ नोव्हेंबर

वाचक आलं-मधावर खूश. चित्रं काय काढून पाठवताहेत! एकच बाई वेगळी. अकिताची आहे, एवढंच कळतं. "लेखिकाबाई, गोष्ट फार गोड झाली. पण तो पहिला खोकला तुम्ही असा लिहिलात की माझ्या अंगावर काटा आला. माझा धाकटा भाऊ अगदी तसाच खोकायचा. आम्हीही आलं-मधच देत बसलो होतो. तुमच्या घरात कुणी तसं खोकत असेल तर छातीचा फोटो काढून घ्या. नसेल तर ह्या म्हातारीला माफ करा."

फोन उपडा ठेवला. जरा वेळाने पुन्हा सुलटा केला. धाबं दणाणलंय माझं. तिने पाणमांजराचा खोकला ऐकला आणि माझ्या घरात येऊन उभी राहिली.

१४ नोव्हेंबर

भांडण झालं. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं.

"इस्पितळात जायचं."

"बर्फ पडायच्या आत झाडं बांधायची आहेत, नाहीतर भाराने फांद्या मोडतील. दोऱ्या आणून ठेवल्यात."

"मरू देत ती झाडं!"

शब्द तोंडातून गेला. माझ्या! जी पानावर चुकूनही येऊ देत नाही. हे दोरीची गुंडाळी मांडीवर घेऊन बसून राहिले. मग म्हणाले, "तू अशी भ्यायलीस तर लिहिणार कशी?"

"लिहिणं गेलं खड्ड्यात! तुम्हाला काही झालं तर मी वाचून कुणाला दाखवू?"

आणि रडले. भोकाड पसरून रडले, लहान पोरीसारखी. ह्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, गिऱ्हाइकाची मान सरळ करतात तसा. "बरं बाई. सोमवारी जाऊ."

१५ नोव्हेंबर

निशिओकाबाईंचा फोन. मी काही सांगायच्या आतच — "सेन्सेई, घरी इसाओसान बरे आहेत ना?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. पण किती भाग झाले, गेनबेई त्या उशीवरून उठलेलाच नाही. मांजर, कोल्हा, पाऊस, कुणालाच तुम्ही दारातून आत येऊ देत नाही आहात. वाचकांना अजून कळलेलं नाही. मला कळलं." मग पहिल्यांदाच झापलं नाही. "चार दिवस सुट्टी घ्या," म्हणाल्या.

१७ नोव्हेंबर

उद्या. ह्यांनी सकाळपासून झाडं बांधायला घेतली, एकही सोडलं नाही. मी खालून दोरी धरून उभी होते. काही नाही निघणार. साधा खोकला असेल. माणसांना होतो साधा खोकला.

१८ नोव्हेंबर

इस्पितळात मी पुढे होऊन खिडकीशी नाव सांगत होते — ओसानाई इसाओ, पहिल्यांदाच आलोय. आतली मुलगी माझ्या मागे बघून हसली. "या, ओसानाईसान! आणलंत का मिसेसना एकदाचं? डॉक्टर मार्चपासून मागे लागलेत, घरी सांगा, घरी सांगा म्हणून."

वळून पाहिलं. हे टोपी हातात धरून उभे.

"तुझी गोष्ट छान चालली होती गं," म्हणाले. "मलाही तिथे बरं वाटत होतं."