तिसरीचा वर्ग परत देताना

बाई,

शेवटच्या तासाला तुम्ही टेबलावर फूटपट्टी आपटायचात आणि आम्ही सगळी मुलं एका सुरात पाढे म्हणायचो. सतराचा पाढा आला की मी नुसते ओठ हलवायचे. तुम्ही ते बरोबर हेरलंत. ‘अगं, तोंड हलतंय, आवाज कुठाय?’ वर्ग खो खो हसला. तेव्हापासून मला पाढ्यांचा राग होता आणि थोडा तुमचाही. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हाही तो पुरता गेला नव्हता.

नवऱ्याच्या नोकरीमागून मी इथे नेदरलँड्समध्ये, बेस्ट नावाच्या गावी आले. पहिली दोन वर्षं सायकल शिकण्यात आणि खेमेंटेकडून, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडून, येणाऱ्या सरकारी पत्रांचा अर्थ लावण्यात गेली. मग आफ्रिकेत मलावीतल्या खेड्यांमधल्या शाळांना मदत करणारा इथला एक छोटा गट सापडला. आठ वर्षं मी त्यात बिनपगारी राबले, आणि मनापासून राबले. अंकांची कार्डं कापली, मणी ओवले, तीनदा तिकडे जाऊन शिक्षकांची शिबिरं घेतली. शिबिराची सुरुवात मी तुमच्या नकलेने करायचे. पदर खोचल्यासारखं करून टेबल बडवलं की हशा हमखास. एका शाळेत तिसरीला एक वयस्क शिक्षिका होत्या, त्या तेवढ्या हसल्या नाहीत. त्याही टाळ्यांच्या ठेक्यावर मुलांकडून पाढे म्हणून घ्यायच्या. मी म्हटलं, ही घोकंपट्टी आता बंद करू या. त्या म्हणाल्या, ‘मॅडम, ऐंशी मुलं आहेत आणि फळा एक.’ मी समजूतदारपणे हसले आणि अहवालात लिहिलं, की तिसरीचा वर्ग एखाद्या तरुण शिक्षिकेला द्यावा. शाळेने ऐकलं. त्यांच्याकडे सामानाच्या खोलीची देखरेख आली.

करोना आला आणि इथल्या, तिथल्या शाळा बरोबरच बंद झाल्या. एका दुपारी त्याच शिक्षिकेचा फोन येतो. मी मटार सोलत बसले आहे. तरुण शिक्षिका आपल्या गावी गेलीय, आमची कार्डं शाळेत कुलपात अडकलीत, आणि या बाई वस्तीतून पायी हिंडताहेत. ‘मी अंगणाबाहेर उभी राहून पाढे म्हणते, मुलं दारातून म्हणतात,’ असं त्या सहज सांगतात. मी छान, छान म्हणतेय. शेजारी माझी लेक बसलीय. तिच्या डच शाळेलाही पाढे पाठच हवे असतात. एरवी मराठीत विचारलं तर डचमध्ये उत्तर देणारी ही पोरगी पाढे मात्र मराठीत म्हणते, कारण ते मी शिकवलेत. ‘सात एके सात, सात दुणे चौदा...’ आणि माझी बोटं टेबलावर ठेका धरताहेत.

‘मॅडम, हे कोण म्हणतंय?’

‘माझी मुलगी. पाढे म्हणतेय.’

‘तुम्ही शिकवलेत?’

‘हो.’

त्या हसल्या, बराच वेळ हसल्या. मग म्हणाल्या, ‘तुमच्या मुलीला चालतं, मग आमच्या मुलांना का नाही?’

‘माझं चुकलं,’ मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी गटाला लिहिलं, की माझा अहवाल चुकीचा होता, शाळा उघडली की तिसरी त्यांना परत द्या. आमचे गटप्रमुख निवृत्त डच शिक्षक. स्क्रीनवर सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, ‘म्हणजे ज्यासाठी आपण तिला हटवायला लावलं, तेच तू घरी करतेस?’ इथे विचारतात ते असं तोंडावर. मी हो म्हटलं. कार्डं वाईट नव्हती, बाई, मला आजही तसं वाटत नाही. पण तुमच्यावरचा राग मी इतक्या लांब नेऊन त्या बिचारीवर काढला, याची मला फार लाज वाटली.

वर्ग त्यांना परत मिळाला. ते सांगायला त्यांनी फोन केला तेव्हा विचारलं, ‘तुम्हाला कुणी शिकवले होते पाढे?’ मी तुमच्याबद्दल सांगितलं, पहिल्यांदाच नक्कल न करता.

‘आहेत त्या अजून?’

‘आहेत,’ मी म्हटलं. का म्हटलं, कुणास ठाऊक.

‘मग त्यांनाही लिहा, चुकलं म्हणून.’

त्यानंतर दोनदा त्यांनी विचारलं, पत्र पाठवलं का. दोन्ही वेळा मी हो म्हणाले.