पिवळी पृथ्वी

अब्बा, आज शनिवार, आणि बिल्डिंगमधली सात मुलं पुन्हा एकदा तुमच्यावर पोट धरून हसली. शाळेतली नोकरी संपून वर्षं झाली तरी शिकवायची खोड काही जात नाही, म्हणून शारजाच्या या फ्लॅटमध्ये शनिवारी मी त्यांना विज्ञान शिकवते. ग्रहांचा धडा आला की कपाटावरचं तुमचं यंत्र खाली काढते, पुसते, टेबलावर ठेवते. मधला निळा गोटा पाहून कुणीतरी ओरडतंच, "टीचर, अर्थ इन द सेंटर? दिस इज रॉन्ग!" मी म्हणते, आधी हँडल फिरवा, मग नावं ठेवा. वाक्य तुमचंच आहे, मी नुसती वापरते.

सदुसष्ट साल. आपण दुबईत, देराला खाडीजवळच्या दोन खोल्यांत राहतो आहोत. रत्नागिरीकडची खाडी सोडून तुम्ही या खाडीवर आलात, लाँचच्या इंजिनांचे भाग बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये टर्नर म्हणून. संध्याकाळी येता तेव्हा केसांत पितळेचा कीस असतो आणि तो झटकल्याशिवाय अम्मा तुम्हाला उंबरा ओलांडू देत नाही. त्या वर्षी गावाहून मामूंचं पत्र आलं होतं: पोर मोठी झाली, सातवी झाली की तिला इकडे पाठवा, शिकली तेवढं पुरे. अम्माला ते पटलं होतं. मला मात्र शाळा सुटायच्या नुसत्या विचाराने जेवण जात नव्हतं. तुम्ही अम्माला नाही म्हणत नव्हता आणि हो पण म्हणत नव्हता. "आधी शाळेचं प्रदर्शन होऊ दे," म्हणालात, "मॅडम काय बोलते ऐकू, मग ठरवू." म्हणजे माझं सगळं त्या प्रदर्शनावर आलं.

मला सूर्यमाला करायची होती, चारचौघींसारखी. पण पुस्तकाच्या शेवटच्या पानावर एक लहान चित्र होतं, प्राचीन ग्रीक लोकांनी मानलेल्या विश्वाचं, आणि तुमची नजर नेमकी त्याच्यावर पडली. मधे पृथ्वी, जागची न हलणारी. तिच्याभोवती एकाबाहेर एक आकाशाची वर्तुळं. मंगळ चालता चालता थांबतो, थोडे दिवस उलटा जातो, पुन्हा सरळ होतो, हे काही साध्या वर्तुळात बसेना, तेव्हा त्यांनी मोठ्या चाकाच्या काठावर एक लहान फिरतं चाक बसवलं आणि मंगळाला त्या लहान चाकावर ठेवलं. खाली एका ओळीत निकाल होता, की ही समजूत चुकीची होती. मी तुम्हाला वाचून दाखवलं.

"दुर्बीण होती काय त्या युनान्यांकडे?"

"नव्हती."

"नुसत्या डोळ्यांनी बघून एवढे गिअर जुळवले?" तुम्ही पुस्तक दिव्याजवळ नेलंत. "चुकीचं असेल गो बाय. पण चालतं का, ते कुणी बघितलं? यल्ला, उद्या भंगारातलं पितळ काढतो."

पहिलं लहान चाक तुम्ही फार लहान कापलंत. पृथ्वीपासून मंगळापर्यंत एक तार लावली होती, तिचं टोक बाहेरच्या गोल पट्टीवर सरकायचं, आणि त्यावरून मंगळ आकाशात कुठे दिसेल ते कळायचं. हँडल फिरवलं तर तार नुसती मंदावली, मागे काही येईना. दुसरं चाक कापलंत, तरी तेच. तिसरं चांगलं मोठं, मोठ्या चाकाच्या निम्म्याहून जास्त. तार चालली, मंदावली, थांबली आणि ऐटीत उलटी फिरली. तुम्ही असे ओरडलात की शेजारच्या भिंतीवरून कुणीतरी काय झालं म्हणून विचारलं.

तेवढ्यावर तुमचं समाधान कसलं होतंय! रोज पहाटे फजरची नमाज झाली की आपण गच्चीवर. चुन्याच्या भिंतीवर तुम्ही कोळशाने चित्रा नक्षत्राचा ठळक तारा काढलात, आजूबाजूचे दोनचार काढलेत आणि मंगळ जिथे दिसेल तिथे रोज एक ठिपका द्यायला लागलात. मार्चमध्ये ठिपके एकमेकांना चिकटायला लागले. मग एके सकाळी तुम्ही अम्माला हाक मारलीत. ती तांदळाच्या पिठाने भरलेले हात तसेच घेऊन वर आली, आधी भिंतीकडे बघितलं, मग आकाशाकडे. "मागे आलाय खरा," ती म्हणाली, आणि तिच्याच हातून पुढचा ठिपका पिठाचा पडला.

इतकं सगळं डोळ्यांनी बघूनही मी घाबरले, अब्बा. मधे पृथ्वी बघून मुली हसतील, मॅडम नापास करतील, मग गावची बोट. प्रदर्शनाच्या सकाळी तुम्ही कामावर गेलात आणि मी तुमचा इंजिनाचा पिवळा रंग काढून त्या निळ्या गोट्याला फासला. झाला सूर्य!

मॅडमनी हँडल फिरवलं, तार उलटी जाताना बघितली आणि भुवया वर केल्या. "सूरज से देखो तो मंगल कभी पीछे नहीं जाता. और पृथ्वी कहाँ है?" पृथ्वी कुठेच नव्हती. तेवढ्यात तुम्ही आलात, अत्तर लावून, धुतलेला शर्ट घालून. गोट्याकडे बघितलंत, मग माझ्या बोटांकडे. मी हात पाठीमागे घेतले.

"मॅडम, गलती मेरी है," तुम्ही म्हणालात. "जल्दीमध्ये रंगाचा डबा बदलला." खिशातून रॉकेलचं फडकं काढून गोटा पुसलात, खालून निळी पृथ्वी निघाली, आणि मग तुम्ही तुमच्या त्या निम्म्या मराठी निम्म्या हिंदीत मॅडमना तिन्ही चाकांची कहाणी सांगितलीत. मुली हसल्या, पण तुम्हाला. मॅडम यंत्र सोडेनात. शेवटी म्हणाल्या, "इस लड़की को स्कूल से मत निकालिए."

परतताना अब्रात बसलो. खाडी ओलांडणारी ती छोटी होडी भरलेली, यंत्र तुमच्या मांडीवर. तुम्ही काही न विचारता माझा हात ओढून घेतलात आणि एकेक बोट रॉकेलने पुसायला लागलात. आपला अब्रा इंजिनाचा, पुढे एक वल्ह्यांचा चालला होता. आपण त्याला गाठलं, आणि पलीकडच्या किनाऱ्यावरच्या घरांपुढे तो थांबल्यासारखा दिसला, मग मागे मागे जायला लागला. तुम्ही ताडकन उभे राहिलात. "उलटा! अगो, मंगळ बघ!" नावाडी "बैठो, बैठो" ओरडतोय आणि तुमचं लक्षच नाही. "तो कुठे मागे जातोय? आपण पुढे जातोय गो! आपली पृथ्वी पण चालते!"

"मग आपलं यंत्र चुकीचं?"

"चुकीचं! एकदम खलास!" तुम्ही इतके हसलात की डोळ्यांतून पाणी आलं. "पण चाललं की नाही?" स्वतःचं म्हणणं मोडलं म्हणून एवढा खूश झालेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही. घरी दारातच अम्माला सांगितलंत, पोर शाळेत जाणार. ती म्हणाली, "मग भावाला पत्र तुम्हीच लिहा, आणि आधी केस झटका."

आज मुलांनी विचारलं, हू मेड इट? मी नेहमीची गोष्ट सांगितली: माझे अब्बा टर्नर होते, त्यांनी घाईत पृथ्वीलाच पिवळा रंग दिला. मुलं हसली. इतकी वर्षं शाळेत आणि आता या टेबलावर मी ती तशीच सांगत आले, कारण तुम्ही तशी सांगितली होती. हे पत्र टाकायला पत्ता नाही, घडी करून यंत्राच्या लाकडी तळाखाली ठेवते आहे. रंग मी लावला होता, अब्बा. तुम्हाला तेव्हाच कळलं होतं, पण मी हे तोंडाने कधी कुणाला म्हटलं नाही, आणि आजही मुलांसमोर नाही म्हटलं.