अव्वाच्या घरात कुणाची रेंज येते

अप्पा,

गेल्या रविवारी मी आपल्या गावच्या घरात तीन मोबाइल घेऊन फिरले. एक माझा, एक ह्यांचा आणि एक नांदेडला आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाईंकडून दिवसभरासाठी मागून आणलेला. तिन्हींत तीन वेगवेगळ्या कंपन्यांची कार्डं. पुढच्या खोलीत उभी राहायचे, तिन्ही फोनच्या दांड्या बघायचे, मग आतल्या खोलीत, मग स्वयंपाकघरात, न्हाणीत, मागच्या दारी. आवाज कुणाचा स्वच्छ येतो, चित्र कुणाचं अडकत नाही, कोण काय फुकट देतं, सगळं कागदावर उतरवून घेत होते. काही ठरवायचं असलं की आधी रकाने आखायचे, ही सवय लातूरच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी लावली ती अजून सुटलेली नाही. अव्वा माझ्या मागं मागं कमरेवर हात ठेवून फिरत होती. "काय करायलीस गं? जागा मोजायलीस का? घर इकायचं हाय का मला न सांगता?"

कारण सांगते. अव्वाचा फोन लागत नाही. तुम्ही गेल्यापासून ती तिथं एकटी राहते, हे तुम्हाला माहीत असेल असं मी धरून चालते. इतकी वर्षं काही वाटलं नाही, पण आता तिची ऐंशी उलटली आहे. गेल्या वर्षापासून असं होतं की सकाळी फोन लावला की तीच ती बाई सांगते, आपण संपर्क करत असलेला ग्राहक संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. दुपारी लावला तरी तेच. मग मिळेल ती बस धरून मी नांदेडहून निघते. लोहा येईपर्यंत मनात सगळं होऊन गेलेलं असतं, न्हाणीत पाय घसरला असेल, शेगडीवर दूध उतू गेलं असेल, कडी आतून असेल. अहमदपूरच्या स्टँडवर उतरून उदगीर रस्त्याला रिक्षा करेपर्यंत मी रडकुंडीला आलेली असते. आणि घरात शिरावं तर अव्वा ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसलेली. "आलीस? बस. भाकरी टाकते गरम."

असं चार-पाच वेळा झाल्यावर तुमच्या लेकानं पुण्याहून फोन केला. "अक्का, आता बास झालं. एक तर तिला तुझ्याकडं ने, न्हाई तर लातूरला म्हाताऱ्या माणसांसाठी चांगली जागा निघालीय, मी चौकशी केलीय. जिथं फोन लागत न्हाई तिथं मी तिला ठेवणार न्हाई." चुकीचं बोलत नव्हता तो. पण अव्वाला घरातून उठवायचं म्हणजे काय, हे त्याला कळत नाही. मी एकदा विषय काढला होता तर ती शेताच्या दिशेला हात करून म्हणाली, "त्यान्ला हितं बसवलंय. मी कुठं जाऊ?" तुम्हाला बसवलं ती बांधावरची समाधी दिसते तिला, मागच्या दारातून. मी भावाला म्हटलं, अरे, प्रश्न फक्त नेटवर्कचा आहे. कार्ड बदलू. मला थोडे दिवस दे. असं म्हणताना मला हायसं वाटलं होतं. आमच्याकडं तिसरा मजला आहे, लिफ्ट नाही, तिला चढवत नाही, हे सगळं खरं आहे. आणि तिला आणायचं माझ्याच मनात नव्हतं, हेही खरं आहे. रिटायर झाल्यावर घराला एक शांतपणा आला आहे, तो मला मोडायचा नव्हता. तुमच्याशी खोटं बोलून आता काय मिळणार?

तर ती तपासणी. एका कंपनीचं, म्हणजे अव्वाकडं आधीपासून आहे त्याच कंपनीचं कार्ड, सगळ्यात जुनं. ते घरात सगळीकडं लागलं, पण चित्र दाखवायचं म्हटलं की ते अडकायचं आणि पडद्यावर अव्वाचं तोंड उघडं ते उघडंच राहायचं. दुसऱ्या कंपनीचा फुकटचा पसारा मोठा, सिनेमे, गाणी, भविष्य, अभंगसुद्धा, पण रेंज अंगणात आणि गच्चीवर, घरात आलं की गुल. तिसरी सगळ्यात वेगवान, पुढच्या दारात उभं राहिलं तर पुण्यातला नातू लख्ख दिसला, दोन पावलं आत आलं की गायब. अव्वानं पाचच मिनिटांत तिघींना नावं ठेवली, थोरली, मधली, धाकटी. "थोरली हळू हाय पण घर सोडत न्हाई. मधलीला नुस्ता नट्टापट्टा. आन धाकटी बघ, सारखी दारात." मी हसले, ती नाही हसली. मग आम्ही शेतात गेलो. तुमच्या समाधीपाशी धाकटीच्या सगळ्या दांड्या भरल्या. मी अव्वाला दाखवलं तर पदरानं तोंड झाकून म्हणाली, "त्यान्ला कुणाला फोन करायचाय, तर त्यान्ला भरभरून देतंय!" तेव्हा हसली मात्र.

मला त्या बांधावर तुमची फार आठवण आली. मला पहिला मोबाइल तुम्ही दिलात. तेव्हा आमच्या ऑफिसात फक्त साहेबांकडं फोन होता. आणि तुम्ही तो दुकानात जाऊन जाहिरात बघून घेतला नव्हता. मोंढ्यात तुमच्या धान्याच्या आडतीवर माल भरायला जे ट्रक येत, त्यांच्या ड्रायव्हरांना तुम्ही महिनाभर विचारत होता, नांदेड सोडल्यावर तुझा फोन कुठं तुटतो, लोह्याला लागतो का, माळाकोळीच्या चढाला लागतो का. चहा पाजून पाजून विचारलंत. मग एक कार्ड ठरवलंत. मी म्हटलं, अप्पा, मला नांदेडात तर कुठलंही चालेल. तुम्ही म्हणालात, "नांदेडात काय करायचंय? तू गाडीत बसलीस की मला कळलं पाहिजे. लोह्यातून फोन आला की मी स्टँडवर निघतो." वेग नाही, फुकट मेसेज नाहीत, तुम्ही मोजलं ते एवढंच, तुमच्या लेकीच्या येण्याच्या रस्त्यावर कोण टिकतं.

पहिल्या वर्षी मी खरंच लोह्यातून फोन करायचे. मग फोनवरच सगळं बोलणं होऊ लागलं. मुलीची परीक्षा, ऑफिसातलं ऑडिट, पावसाळ्यात रस्ता खराब, कारणं काय कमी असतात? एका पंचमीला मी आले नाही. सगळ्या लेकी माहेरी आल्या होत्या, झाडाला झोके बांधले होते, आणि मी नांदेडहून फोन करून म्हटलं, अप्पा, बोलतेय ना मी तुमच्याशी, समोर असल्यासारखंच आहे.   तुम्ही म्हणालात, "बाळ, फोन दिला तो येताना कळवायला. येण्याच्या बदल्यात न्हाई दिला." त्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते.

तुमच्या बाजूनं बघितलं तर तुम्हाला ते अधिकारानं म्हणता येत होतं. मी लातूरच्या कॉन्व्हेंटच्या हॉस्टेलात असताना तुम्ही दर रविवारी यायचात. मोंढ्याची सुट्टी तेवढी एकच, ती तुम्ही लाल बसमध्ये घालवलीत. मदरच्या ऑफिसात काळा फोन होता, तुमच्या आडतीवरही होता. मदरनं तुम्हाला एकदा इंग्रजी वळणाच्या मराठीत सांगितलं होतं, तुम्ही येण्याची त्रास कशाला घेता, फोन करा, आम्ही मुलीला बोलावू. तुम्ही हात जोडून हो हो म्हणालात आणि पुढच्या रविवारी पुन्हा गेटवर. कपाळावर विभूतीचे पट्टे, हातात धपाट्यांचा डबा. भेटायच्या खोलीत बसलो की आधी माझं मनगट अंगठा आणि बोटाच्या कड्यात धरायचात. बोटं एकमेकांवर चढली की वाळली म्हणायचात, नुसती टेकली की बरं आहे म्हणायचात. मग डबा उघडायचात. फोनवर मी तुम्हाला जेवते म्हणून सांगितलं असतं, आणि ते खोटं असतं.

रविवारकडं परत येते. शेतातून आल्यावर मी हिशेब मांडला. वेगात धाकटी, मौजेत मधली, पण घरात सगळीकडं लागते ती थोरलीच, आणि अव्वाकडं कार्ड थोरलीचंच आहे. मग तिचा फोन लागत का नाही? कार्ड जुनं झालं असेल म्हणून मी तिच्या नंबरवर लावून बघितलं. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. मी स्वयंपाकघरात, अव्वा माझ्यासमोर पाटावर बसलेली, आणि ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर.

"अव्वा, तुझा फोन कुठंय?"

"हाय की."

"कुठंय पण?"

"आसंल आत. तू च्या घे आधी."

दारात शेजारची काकू उभी होती, मी आले की ती येतेच. तिनं तोंडाला पदर लावला आणि मला डोळ्यानं खूण केली, ज्वारीच्या कोठीकडं. पत्र्याची ती मोठी कोठी, तुम्हीच उदगीरहून करवून आणलेली. मी झाकण काढलं. ज्वारीवर एका जुन्या टॉवेलात गुंडाळून फोन ठेवलेला. बाहेर काढला तशा दांड्या एकेक करून उगवल्या, आणि माझेच मिस्ड कॉल टुणटुण वाजत आले.

"हे काय गं?"

"उंदीर हायेत घरात."

"मोबाइलला उंदीर?"

"वायर खातेत की. काकूला इचार."

"मला नका बाई मधी घेऊ," काकू म्हणाली आणि हसत निघून गेली.

मी रागावले अप्पा. चांगलीच रागावले. मी कशी जीव मुठीत धरून येते, भाऊ तिकडं काय काय ठरवून बसला आहे, तुला लातूरला नेऊन ठेवतील, कळतंय का तुला, असं पुष्कळ बोलले. ती ऐकत होती. फोडणीसाठी लसूण सोलत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "फोन लागला की तू काय म्हणतीस? बरी हायेस का, गोळी घेतलीस का, बरं ठेवते. झालं. लागला न्हाई की येतीस." आणि लसणाची टरफलं गोळा करून मागच्या दारी टाकायला गेली.

 फोन रोज कोठीत नसतो, हेही तिनं नंतर सांगितलं. फार आठवण आली की ठेवते. आधी भाकरीचं पीठ चाळून ठेवते, मग फोन. म्हणजे तिची गरम भाकरी योगायोगाची नव्हती. त्या दिवशी मी मुक्काम केला. तिचे केस विंचरले, नखं काढली, तिच्या पायाला गोळे येतात, हे फोनवर तिनं कधी सांगितलं नव्हतं, ते पाय चेपून दिले. सोमवारी निघताना ती म्हणाली, "मग कोणची बसवली? थोरली का धाकटी?" मी म्हटलं, थोरलीच राहू दे. ती म्हणाली, "राहू दे. ती गुणाची हाय."

भावाला मी कोठीचं सांगितलं नाही. सांगितलं तर तो तिला पुढच्याच आठवड्यात लातूरला नेईल, आणि त्याचंही चुकणार नाही, कारण फोन कोठीत असताना ती खरंच पडली तर? मी त्याला म्हटलं, कार्डात बिघाड होता, आता व्यवस्थित लागतो. तो म्हणाला, छान झालं अक्का, आता तुलाही सारखं पळायला नको. मी म्हटलं, हो ना.

आज शनिवार. सकाळपासून फोन लागत नाही. पूर्वी आतापर्यंत मी लोहा ओलांडलं असतं. आज मी चहा केला, पेपर वाचला, पुन्हा लावून बघितला, आणि मग हे लिहायला बसले. सकाळभर स्वतःला विचारते आहे, आज पाय का उचलत नाही? तर उत्तर असं येतं की आज भीती वाटत नाही. ती पडलेली नाही, मला बोलावते आहे, हे मला पक्कं माहीत आहे. म्हणजे इतके दिवस मी धावत जायचे ती तिच्यासाठी नाही, माझ्या भीतीसाठी. ती घालवायला जायचे, गेली की संध्याकाळची बस धरायचे. तुम्ही लातूरला यायचात तेव्हा तुम्हाला भीती नव्हती अप्पा. हॉस्टेलात मला काय होणार होतं? तुम्ही नुसते यायचात.

उद्या ह्यांच्या मित्राकडं वास्तुशांत आहे, परवा पेन्शनच्या कामासाठी बँकेत जायचं आहे. मंगळवारी जाईन. नक्की जाईन. हे कागद घेऊन तुमच्या समाधीपाशी बसून वाचावेत असं सुरुवातीला मनात होतं, पण अव्वा सोबत येईल आणि विचारेल काय लिहिलंयस, म्हणून हे इथंच कपाटात राहतील.

एक राहिलं. मघाशी मी शेजारच्या काकूला फोन केला होता, तेवढी खात्री करायला. ती म्हणाली, "बरी हायेत की. आंघोळ करून, नवं लुगडं नेसून ओट्यावर बसल्यात. रस्त्याकडं बघायल्यात. देऊ का?" मी म्हटलं, नको. आणि म्हटलं, काकू, माझा फोन आला होता हे अव्वाला सांगू नका.