धरण्याजोगे तास

३ जानेवारी

नव्या वर्षाचा संकल्प एकच. जूनच्या आत लायसन्स. बाकीचे संकल्प (वजन, गॅरेज, बायको डोरीनच्या आईशी बरं बोलणं) लायसन्सनंतर.

समाजकार्याची पदवी झाली, समुपदेशन केंद्रात नोकरीही लागली. पण स्वतंत्र काम करायचं तर लायसन्स देणाऱ्या बोर्डाला तीन हजार तास हवेत, तेही कुणा जाणत्याच्या देखरेखीखाली. म्हणजे मी माणसांची मनं सांभाळायची, आणि दर मंगळवारी तासभर ग्लेंडा ऑर्टमनबाईंसमोर बसून ती कशी सांभाळली ते सांगायचं. शेवटी त्या सही करणार. मग स्वतःची खोली, स्वतःची खुर्ची, दारावर 'लेनी कुबिक, लायसन्स्ड क्लिनिकल सोशल वर्कर'. पाटी करायला टाकली आहे. पितळी.

शेहेचाळिसाव्या वर्षी मला देखरेख! पंधरा वर्षं गाद्यांच्या दुकानात काढली आहेत मी. पंधरा वर्षं लोक माझ्यासमोर आडवे पडून मनातलं बोलत आले. ग्लेंडाबाईंसमोर कोण आडवं पडलंय?

९ जानेवारी

बर्फ. सरोवरावरून आलेला, म्हणजे लवकर थांबणार नाही असा. आज सहा जणांच्या वेळा होत्या. पाच आले नाहीत. मी वही उघडून, चेहरा सहानुभूतीचा करून खुर्चीत बसून राहिलो. हे तास धरत नाहीत. समोर माणूस असेल तरच तास. ग्लेंडाबाईंना विचारलं, की माझी मानसिक तयारी तर पूर्ण होती, तिचं काय? म्हणाल्या, मानसिक तयारी माझीही पूर्ण आहे लेनी, रिटायर व्हायची.

सहावे मात्र आले. गुप्ततेचा नियम असल्यामुळे नाव लिहीत नाही, श्री. प. म्हणू. वय चौऱ्याहत्तर, रेल्वे इंजिनांच्या कारखान्यातून निवृत्त, बायको गेल्या उन्हाळ्यात वारली. सप्टेंबरमध्ये आले तेव्हा नुसते भिंतीकडे बघत बसायचे. आता एवढ्या बर्फातून चालत येतात. जाताना माझ्या गाडीवरचा बर्फसुद्धा त्यांनीच खरवडून दिला. याला म्हणतात विश्वास संपादन करणं. पुस्तकात नाही हे.

२१ जानेवारी

ग्लेंडाबाईंना माझ्या एखाद्या सेशनचं रेकॉर्डिंग ऐकायचं आहे. म्हणे सगळेच शिकाऊ देतात. ब्रिनने तीन दिली.

ही ब्रिन माझ्यानंतर लागली. वय सत्तावीस. तिचे तास माझ्या पुढे गेले आहेत, कारण तिच्याकडे माणसं येतात. माझ्याकडची दोन माणसंही 'वेळ जुळत नाही' म्हणून तिच्याकडे गेली. वेळ तीच, वार तोच, खोली फक्त शेजारची. मी मोठ्या मनाने ब्रिनला चार गोष्टी समजावून सांगितल्या. ती मधेच उठली, तिला बाथरूमला जायचं होतं. पंचेचाळीस मिनिटं थोपवून धरलं होतं म्हणे. सांगायचं ना आधी!

रेकॉर्डिंग पुढच्या आठवड्यात देतो म्हणालो. मशीनचा आवाज नीट नाही.

डोरीनला हे सगळं सांगितलं. ती दातांच्या दवाखान्यात काम करते. म्हणाली, "तू आमच्याकडेच ये ना. आमच्या पेशंटच्या तोंडात नळ्या असतात, त्यांना मधे बोलताच येत नाही." थट्टेमागे जळफळाट असतो, हे मी शिकलो आहे.

६ फेब्रुवारी

आज श्री. प. नी घोळ घातला. म्हणाले, "पोरा, तुझे फार उपकार झाले. पण आता मी बरा आहे. झोप लागते, जेवण जातं, क्लबात चेंडूंची बोची खेळायला जातो. ईस्टरआधीचे उपास, लेंट, सुरू झाले की दर शुक्रवारी चर्चमध्ये मासे तळायला उभा राहणार आहे. आता थांबूया."

मी त्यांना शांतपणे समजावलं की 'मी बरा आहे' हीच सर्वांत धोक्याची पायरी. दुःख लपून बसतं. ते म्हणाले, कुठे लपणार? घर माझं दोन खोल्यांचं.

नात्यात मोकळेपणा हवा, म्हणून मग मीही मन मोकळं केलं. माझे तास कुठवर आलेत, बर्फाने किती खाल्ले, ब्रिनने किती पळवले, जूनची कशी घाई आहे, पाटी कशी तयार होऊन पडली आहे. मग त्यांनी विचारलं, किती राहिले? मी सांगितलं. एक सुस्कारा सोडून म्हणाले, "बरं बाबा. येतो मी."

विरोध मावळला. हा माझ्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा क्षण. यापुढे त्यांना आठवड्यातून दोनदा बोलावलं आहे.

२५ फेब्रुवारी

रेकॉर्डिंग दिलं नाही. बॅटरी.

११ मार्च

ग्लेंडाबाई आज हात धुऊन मागे लागल्या. या माणसाला आठवड्यातून दोनदा कशासाठी बोलावतोस? उपचाराचं उद्दिष्ट काय? मी म्हणालो, दुःख गुंतागुंतीचं आहे. त्यांनी विचारलं, गुंता कुठे आहे? तुझ्याच टिपणात लिहिलंयस की तो जेवतो, झोपतो, आणि शनिवारी रोझली नावाच्या बाईंबरोबर नाचायला जातो. मी म्हणालो, तोच गुंता.

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. हल्ली फार दमतात. वय झालं. महिनाअखेरपर्यंत रेकॉर्डिंग आलं नाही तर सही विसर, म्हणाल्या. धमकी! ज्या बाईंनी आम्हाला सहानुभूती शिकवायची, त्या!

१४ मार्च, शुक्रवार

डोरीनने चर्चच्या मासळीच्या जेवणाला ओढून नेलं. आत गेलो तर तळणीवर पास्क्वाले! (श्री. प.) आपला माणूस बाहेर भेटला तर आपण होऊन ओळख दाखवायची नाही असा आमच्यात दंडक आहे. मी ताबडतोब कोट टांगायच्या स्टँडमागे गेलो. पण ते तिथूनच ओरडले, "अरे लेनी! बाहेर ये, तुझ्यासाठी मोठा तुकडा बाजूला काढलाय!" अख्खा हॉल वळून बघायला लागला.

गंमत म्हणजे तिथे सगळे मला ओळखत होते. कोबीचं कोलस्लॉ वाढणाऱ्या आजी म्हणाल्या, "हाच का तो? किती राहिले रे तुझे तास?" फादरनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं की प्रार्थनेत तुझं नाव घेतो. रोझलीबाई तर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मला झालेलं काहीच नाही, पण तुझी नड असेल तर बुधवारी दुपारी मी रिकामीच असते."

लोकांत एवढं नाव झालं आहे आणि केंद्रात माझी किंमत शून्य. रोझलीबाईंना कार्ड दिलं.

येताना गाडीत डोरीन एवढंच म्हणाली, "लेनी, त्या लोकांना तुझी कीव येते रे." मी म्हणालो, कीव नाही, आदर. पेशातल्या गोष्टी घरच्या माणसांना कळत नाहीत.

२५ मार्च

दिलं एकदाचं रेकॉर्डिंग. मुद्दाम सर्वोत्तम सेशन निवडलं. पास्क्वाले त्यात दोनदा हसले आहेत आणि एकदा चक्क गहिवरले आहेत. आता ग्लेंडाबाईंची बोलती बंद.

१ एप्रिल

ग्लेंडाबाईंनी मशीन टेबलावर ठेवलं आणि चालू केलं. मी ऐकत होतो. माझा आवाज चांगला आहे, खर्जातला. गॅरेजचा विषय चालला होता, मग डोरीनच्या आईचा, मग बोर्डाचा. मधे पास्क्वालेंनी विचारलं, "मग डोरीन काय म्हणाली?" मी तेही सविस्तर सांगितलं होतं. गहिवरले ते माझ्या पाटीच्या गोष्टीवर.

ग्लेंडाबाईंनी मशीन बंद केलं आणि विचारलं, "यात पेशंट कोण?"

मी त्यांना समजावलं की आपला एखादा अनुभव सांगून समोरच्याला मोकळं करायची एक पद्धत असते. म्हणाल्या, "असते. चिमूटभर. तू बरणीच उपडी केलीस." आणि पास्क्वालेंनीही बोलायला हवं होतं ना, असं मी म्हणालो, तर म्हणाल्या, कधी?

पुढच्या सेशनला त्या स्वतः येऊन बसणार आहेत. बसू देत. समोरासमोर बघतील तेव्हा कळेल.

८ एप्रिल



पास्क्वाले सूट घालून आले. हातात पेपरोनी भरलेल्या पावाच्या गोळ्यांचा डबा, ग्लेंडाबाईंसाठी. मी त्यांना आधी फोन करून फक्त एवढंच सांगितलं होतं की माझ्या साहेबीणबाई येणार आहेत आणि सगळं त्यांच्या सहीवर आहे. बाकी काही शिकवलं नव्हतं.

बसल्या बसल्या त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला आणि म्हणाले, मला फार वाईट वाटतं. ग्लेंडाबाईंनी हळूच विचारलं, कशाचं? ते माझ्याकडे बघायला लागले. मी मान हलवून धीर दिला. ते म्हणाले, सगळ्याचंच. मग म्हणाले, हवेचं.

मी बोलणार तेवढ्यात ग्लेंडाबाईंनी हात वर केला. शेवटी पास्क्वालेंनीच रुमाल घडी करून खिशात घातला.

"बाई, मला खोटं जमत नाही. मी फेब्रुवारीपासून ठणठणीत आहे. पण या पोराचे तास भरत नव्हते. कारखान्यात मी शिकाऊ पोरांना माझं मशीन चालवायला द्यायचो, शिकणार कशी नाहीतर? तसाच इथे येऊन बसतो. तुम्ही करून टाका त्याची सही. चांगला मुलगा आहे. बोलतो फार, पण घरी कुणी ऐकत नसेल."

मला वाटलं होतं ग्लेंडाबाई हसतील. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पास्क्वालेंचे दोन्ही हात हातात घेऊन आभार मानले आणि सांगितलं, की यापुढे तुम्ही यायची गरज नाही. दारात पास्क्वालेंनी मला मिठी मारली. डबा माझ्याकडेच राहिला.

९ एप्रिल

तक्रार करणार. बोर्डाकडे, केंद्राकडे, जमलं तर गव्हर्नरकडे. बऱ्या माणसावर केलेला उपचार हा उपचार नाही म्हणे! म्हणजे फेब्रुवारीपासूनचे पास्क्वालेंचे सगळे तास रद्द. रोझलीबाईंचेही. जून गेला. हे वर्षच गेलं.

गाद्यांच्या दुकानात असं नव्हतं. गिऱ्हाइकाला झोप आधीपासून लागत होती म्हणून विक्री कुणी रद्द केली नाही.

तक्रारीचा मसुदा दोनदा फाडला. कारण त्यात ग्लेंडाबाई काय म्हणाल्या ते लिहावं लागतं. म्हणाल्या, "हिवाळ्यापर्यंत तू त्याला खरंच बरं केलंस, लेनी. भिंतीकडे बघत बसणारा माणूस मासे तळायला लागला. ते तुझं काम होतं. आणि मी बरा आहे असं तो उभा राहून सांगत होता, तर तुला घड्याळ दिसत होतं."

लाज वाटली. इथे कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो, फार लाज वाटली. मी एका माणसाला बरं केलं होतं आणि ते मलाच कळलं नाही.

सही नाकारलेली नाही. शरद ऋतूत पुन्हा सुरुवात करू म्हणाल्या. अट एकच. तोवर मी दुसरीकडे कुठेतरी जाऊन पेशंटच्या खुर्चीत बसायचं. मी! डोरीनला सांगितलं. मला वाटलं, चिडवेल. तिने नुसता माझा कोट खुंटीवरून काढून दिला.

१ मे

गावाच्या दुसऱ्या टोकाच्या केंद्रात गेलो. त्यांनी टॅमझिन नावाच्या एका मुलीकडे पाठवलं. शिकाऊ. मला शिकाऊ! तरी बसलो.

तिने विचारलं, काय त्रास होतोय? मी म्हणालो, तासांचा.

तिचे डोळे भरून आले. म्हणाली, तुमचेही? मग जी सुरू झाली ती थांबेचना. तिची सुपरवायझर कशी टाकून बोलते, बर्फात माणसं कशी आली नाहीत, बरोबरीची मुलगी कशी पुढे गेली, आई रोज फोन करून कसं विचारते की झाली का सही. मी दोन-तीनदा तोंड उघडलं, पण तिला श्वास घ्यायलाही सवड नव्हती. मग सोडून दिलं. हं म्हणालो. मग आई काय म्हणाली, विचारलं. एकदा ती रडत होती तर कागदी रुमालांचा खोका पुढे सरकवला आणि काही बोललो नाही. जाताना ती बरीच हलकी वाटत होती. आठवड्यातून दोनदा याल का, म्हणाली. येतो म्हणालो. पोरीचे अजून निम्मे बाकी आहेत.

घरी येऊन ग्लेंडाबाईंना फोन केला. सांगितलं, की आज मी पूर्ण तासभर एका माणसाचं ऐकलं, आयुष्यात पहिल्यांदा. हा तास धरता येईल का?

नाही धरता येत.